आक्काताईंचा लाल चष्मा

“लाल नको,” आक्काताई म्हणाल्या आणि चष्मा टेबलावर पालथा ठेवला.

मी मान वर केली. पट्टणवाडीच्या प्राथमिक शाळेत सकाळपासून मी बायकांचे डोळे तपासत होते आणि तोवर एकीच्याही तोंडून ‘नको’ हा शब्द निघाला नव्हता. फुकट मिळणाऱ्या वस्तूला नको म्हणणारं माणूस तसं विरळाच. माझ्या मागे उभे असलेले आमच्या कंपनीचे मालक ऋत्विज टिपणीस पुढे सरकले. तिपाईवर कॅमेरा बसवणारी किमयाही खटपट सोडून बघायला लागली.

“नंबर बरोबर वाटला नाही का?” मी विचारलं. “मघाशी सुईत दोरा गेला ना?”

“गेला की. झ्याक दिसतंय. पर लाल नको.”

“का हो?”

आक्काताईंनी मान वळवून मागच्या रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. त्या प्रश्नावर ते ओठ पुढे कित्येक महिने उघडले नाहीत, आणि त्या मिटलेल्या ओठांवर आम्ही लोकांनी केवढा इमला उभारला ते आठवलं की मला आजही हसू येतं. हसू येतं आणि मग जरा लाजही वाटते.

तेव्हा मी ‘काजवा’मध्ये नोकरीला होते. काजवा म्हणजे पुण्यातली फॅशनच्या चष्म्यांची कंपनी. शहरात एक चष्मा विकला गेला की खेड्यात बारीक काम करणाऱ्या एका बाईला एक चष्मा फुकट द्यायचा, अशी त्यांची योजना होती. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. मी मूळची इचलकरंजीची, चष्म्याचा नंबर काढायला शिकलेली. कोल्हापूरकडच्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलेल अशी कुणीतरी हवी, म्हणून मला घेतलं होतं. आमच्याबरोबर एक गाडी असायची, तिच्यात काच घासायचं यंत्र. आज नंबर काढला की उद्या चष्मा हातात.

फक्त फ्रेम कुठली, हा प्रश्न नसायचा. फ्रेम लाल. त्या साली कंपनीनं मांजराच्या डोळ्यांच्या आकाराची, कोपऱ्यांवर चमकते खडे बसवलेली एक लालभडक फ्रेम काढली होती आणि शहरातल्या एकाही बाईनं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. शहराच्या नाकावर जे चढलं नाही ते गावाच्या नाकावर चढवायचं, एवढा साधा हिशेब. शहरात खपत होती ती काळी, जाड, गोल फ्रेम. जुन्या काळच्या शाळामास्तरांच्या नाकावर असायची तशी. तीच ऋत्विज यांच्याही नाकावर होती.

आक्काताईंनी त्यांच्या नाकाकडे बोट केलं. “असला हाय का, साहेब?”

ऋत्विज हसले. माणूस तसा दिलदार, हसरा. “आजी, हा विकायचा आहे. द्यायचे आहेत ते हे लाल. बघा तरी, किती छान आहेत!”

“आज्जी कुणाची?” आक्काताई पुटपुटल्या. त्यांचं वय पन्नाशीच्या थोडं पुढे असेल.

तेवढ्यात रांगेतून त्यांची धाकटी जाऊ मालन पुढे आली. तिची तपासणी आधीच झाली होती आणि नमुन्याची लाल फ्रेम तिनं नाकावरून उतरवलीच नव्हती. कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, आणि त्यावर तो लालभडक चष्मा. देवीच्या देवळातली दीपमाळ पेटल्यासारखी दिसत होती ती. “घे की गं आक्का,” ती म्हणाली. “दानाच्या गाईचं दात कशाला मोजतीस? बगा वो ताई, मला कसा दिसतो?”

“छान दिसतो,” मी म्हणाले, आणि खरंच दिसत होता.

आक्काताई उठल्या आणि निघून गेल्या.

त्या गेल्या ते मला चांगलं वाटलं नाही, कारण त्यांना चष्म्याची गरज किती आहे हे मी नंबर काढता काढता ऐकलं होतं. पट्टणवाडीत घरोघरी चांदीचं काम चालतं. पैंजणांना बारीक घुंगरं जोडायची, प्रत्येक घुंगराची कडी चिमट्यानं उघडून परत मिटवायची. नवरा गेल्यापासून आक्काताई याच कामावर जगत होत्या. दिरानं ‘आमच्यातच जेवा’ म्हटलं होतं, पण यांनी मधे भिंत घालून वेगळी चूल मांडली. आता वर्षभर कडी नीट मिटेनाशी झाली होती. पैंजण दुकानात पोचेपर्यंत घुंगरं गळून पडत. चांदीवाल्या शेठनं दोनदा माल परत पाठवला होता आणि तिसऱ्यांदा आला तर काम बंद, असा निरोप दिला होता. काम बंद म्हणजे चूल बंद, आणि चूल बंद म्हणजे भिंतीपलीकडे मालनच्या हातचं जेवायला जाणं. बाजारातला तयार चष्मा त्यांनी घेऊन बघितला होता, पण त्यांच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत बरंच अंतर होतं, त्यामुळे त्या चष्म्यानं डोकं दुखायचं. कोल्हापुरात चौकशी केली, आणि किंमत ऐकून त्या आल्या पावली परतल्या होत्या.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही डबे उघडले तेव्हा किमयाचा घास हातातच राहिला होता.

“तुमच्या लक्षात आलं का?” ती म्हणाली. किमया आमच्या जाहिरातींच्या फिल्म करायची. हुशार मुलगी, फक्त तिला जिथे तिथे गोष्ट दिसायची. “त्या बाईंचं कपाळ बघितलं? मोकळं. हात बघितले? एक बांगडी नाही. साडी कसली, राखाडी. आणि जाऊ? कुंकू, हिरवा चुडा. तिनं लाल लगेच घेतला. हिनं हातात घेऊन परत ठेवला.”

“विधवा,” ऋत्विज हळू आवाजात म्हणाले.

“आणि विचारलं का, तर मागे बघितलं. सगळं गाव उभं होतं मागे. कशी बोलेल?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या भागातली, म्हणजे जणू निकाल माझ्याकडे होता. माझी एक आत्या होती. तिचे यजमान गेल्यावर तिनं लाल रंगाचा ब्लाउजपीससुद्धा घरात ठेवला नव्हता. मला तीच आठवली. “असेल बाई,” मी म्हणाले.

ऋत्विज यांचे डोळे भरून आले. ते ढोंग नव्हतं. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आणि त्यांना वाईट वाटलं की त्याची फिल्म व्हायची. “आपण नुसते चष्मे वाटत होतो,” ते म्हणाले. “आता आपल्या हातून काहीतरी मोठं होणार आहे.”

काळी फ्रेम द्यावी, हे मी एकदा सुचवून बघितलं. गाडीत नमुन्यादाखल दोन होत्या.

“मग बंधन मोडणार कसं?” किमया म्हणाली.

तेव्हा संध्याकाळी मला आक्काताईंच्या घरी पाठवण्यात आलं. बंधन मोडायला त्यांची समजूत काढायची कामगिरी माझ्यावर होती.

आक्काताई उंबऱ्यात उजेडाला बसल्या होत्या. पुढे सुपात परत आलेले पैंजण पसरलेले. चिमटा हातात, पैंजण नाकाला टेकेल इतका जवळ. भिंतीपलीकडे मालन भांडी घासत होती आणि तिथूनच तिच्या दारातल्या कुणाला तरी सांगत होती, “उद्या माझा चष्मा येनार हाय. लाल घेतलाय मी, खड्याचा.”

“ये बाई, बस,” आक्काताई म्हणाल्या. “च्या करतो.” आमच्याकडच्या बायका ‘मी करतो, मी जातो’ असंच म्हणतात. किमयाला ते फार गोड वाटायचं.

“चहा नको. आक्काताई, मनातलं सांगू का? लोक काय म्हणतील याचा विचार करू नका.”

त्यांनी चिमटा खाली ठेवला. “काय म्हनत्यात लोकं?”

“काहीच नाही. पण तुम्ही घाबरू नका.”

“घाबरून कसं चालंल?” त्या म्हणाल्या. मला ते उत्तर फार धीराचं वाटलं. “काळा मिळायचाच न्हाई?”

“नाही हो. तो विकायचा आहे.”

“आन् लाल घेतला तर उद्या काच बसवून देशील?”

“उद्या दुपारी. फक्त साहेबांची इच्छा आहे की तुम्ही तो सगळ्यांसमोर घालावा. फिल्म काढायची आहे. पण घातलाच पाहिजे असं नाही हं. तुमच्या मनाविरुद्ध काही नको.”

भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता. मालन ऐकत असणार. आक्काताईंनी सुपातला एक पैंजण उचलून हलवला. एक घुंगरू सुटून घरंगळत माझ्या पायाशी आलं.

“आन मग लाल,” त्या म्हणाल्या. “पदरात पडलं पवित्र झालं.”

दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या पारावर गाव जमलं. किमयानं सगळं बसवून ठेवलं होतं. आक्काताई घरातून त्याच राखाडी साडीत बाहेर येणार, पारापर्यंत चालत येणार, आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवणार कोण, तर त्यांची सवाष्ण जाऊ मालन. एका बाईनं दुसऱ्या बाईला रंग परत द्यायचा, अशी कल्पना.

आक्काताईंना हे आयत्या वेळी कळलं. “मालन घालनार?” त्यांनी मला विचारलं. त्यांचा चेहरा उतरला.

“फक्त फिल्मपुरतं हो.”

“माझं हात हायत की मला.”

पण मालन नटूनथटून आली होती. ठेवणीतली जरीची साडी, केसात अबोली, नाकावर तिचा स्वतःचा नवा लाल चष्मा. असल्या कामात ती कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हती. तिनं दोन्ही हातांनी तो दुसरा लाल चष्मा उचलला, ओवाळल्यासारखा आक्काताईंच्या तोंडापुढे धरला आणि नाकावर चढवला. दोन जावा समोरासमोर उभ्या. दोघींच्या नाकांवर अगदी तसलाच, खड्यांचा लाल चष्मा.

“बगा,” मालन गावाला उद्देशून ओरडली, “आता सख्ख्या भनी वाटतो का न्हाई आमी?”

आक्काताईंच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

“कट करू नको,” ऋत्विज कुजबुजले. तेही रडत होते. मीसुद्धा डोळे पुसले. एवढ्या वर्षांचं ओझं उतरताना बाई रडणारच, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

ती फिल्म तुमच्यापैकी कुणी बघितली असेल तर शेवटी पडद्यावर येणारे शब्दही आठवत असतील: ‘तिनं रंग निवडला.’

पुढचं सगळं फार झपाट्यानं झालं. फिल्म मोबाईलवरून घरोघरी पोचली. नावाजलेल्या बायकांनी ती पुढे पाठवली. आणि ज्या लाल फ्रेमकडे कुत्रं बघत नव्हतं तिच्यावर उड्या पडायला लागल्या. कॉलेजातल्या मुली, बँकेतल्या बाया, सगळ्यांना तीच हवी. तिचं नाव ‘आक्का’ ठेवलं गेलं. गोदामातला माल संपला, नवा करायला टाकला. ऋत्विज यांनी स्वतःची काळी काढून लाल घालायला सुरुवात केली. पुरुषांनीही साथ दिली पाहिजे, असं ते म्हणायचे. काळी फ्रेम मात्र पडून राहिली. दुकानाच्या काचेतून ती आधी मागच्या फळीवर गेली, आणि मग एक दिवस वाटायच्या खोक्यात. एकेका फ्रेमचंही नशीब असतं.

मी मध्ये एकदा तपासणीसाठी पट्टणवाडीला जाऊन आले. आक्काताईंचं काम सुरळीत चाललं होतं, शेठकडून माल परत यायचा थांबला होता. पण मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी चटकन चष्मा काढून पदराखाली घेतला. मी आहे हे दिसल्यावर परत घातला.

“अजून लाजता होय?” मी म्हणाले.

उत्तर आलं ते भिंतीपलीकडून. मालन कुणाला तरी सांगत होती, “मी घातला म्हनून घातला गं तिनं. न्हाईतर बसली असती आंधळ्यावानी. माझ्यामुळं तिचं काम वाचलं.”

आक्काताईंनी चिमटा एवढ्या जोरात दाबला की कडी तुटली. “रोज चारदा ऐकतो हे,” त्या म्हणाल्या. “शेजारपाजारच्यांनाबी तोंडपाठ झालंय. मालनचा उपकार नाकावर घेऊन बसलोय मी.”

तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण आमच्या डोक्यात फिल्म बसली होती.

मग पुण्यात काजवाचं नवं दुकान उघडलं. उद्घाटनाला पाहुण्या म्हणून आक्काताई आणि मालन. दुकानाच्या अंगणात मांडव, दोनेकशे लोक, आणि बहुतेक बायकांच्या नाकावर ‘आक्का’. दोघींना गाडीनं आणलं. मालन उतरली ती थेट मांडवात जाऊन पहिल्या ओळीत बसली आणि लोकांबरोबर फोटो काढून घ्यायला लागली. आक्काताईंना मी हातपाय धुवायला मागच्या खोलीत नेलं. तिथेच आमचं काचा घासायचं यंत्र होतं, आणि कोपऱ्यात वाटायच्या चष्म्यांचं उघडं खोकं.

आक्काताई खोक्यापाशी थांबल्या.

“हे काळं न्हवं?”

“हो. आता हेच वाटतो आपण. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी शिबिर आहे.”

“आन् लाल?”

“लाल आता विकतो.”

त्यांनी खोक्यात हात घालून एक काळी फ्रेम उचलली. वळवून बघितली, काड्या उघडल्या, मिटल्या. पैंजण पारखावा तशी पारखली. मग कनवटीला हात घातला. “केवढ्याला?”

“ही विकत नाही मिळत, आक्काताई. ही द्यायची आहे.”

“दे मग.”

“तुम्हाला कशी देऊ? तुमच्याकडे आहे ना एक. आणि आज तर तुम्ही लाल घालूनच—”

मी बोलता बोलता थांबले. माझं मलाच ऐकू आलं. तेव्हा विकायचा म्हणून देता येत नव्हता आणि आता द्यायचा म्हणून विकता येत नव्हता. या बाईला तो मिळायचा कसा, ते आमच्या योजनेत कुठेच बसत नव्हतं.

आक्काताईंनी नाकावरचा लाल चष्मा काढला आणि माझ्यापुढे धरला. “ह्यातली काच काढून ह्यात बसव. जमंल?”

जमण्यासारखं होतं. मोठ्या फ्रेमची काच घासून लहान फ्रेममध्ये बसवता येते. उलटं असतं तर मात्र काही इलाज नव्हता.

“पण बाहेर सगळे वाट बघतायत. ऋत्विजसर काय म्हणतील?”

“तुझं साहेब भलं हायत. मी बोलतो त्यांच्यासंगं. तू काच बसव.”

मी यंत्र सुरू केलं. नोकरी जाईल का, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण ती बाई समोर बिनचष्म्याच्या डोळ्यांनी मिचमिच करत बसली होती आणि ती काळी फ्रेम तिनं दोन्ही हातांत धरून ठेवली होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती चष्मा हौसेनं हातात घेत होती. काचा बसल्यावर त्यांनी चष्मा घातला आणि बेसिनवरच्या आरशात स्वतःला बघितलं. बराच वेळ बघितलं. रिकामी लाल फ्रेम त्यांनी खोक्यात टाकली.

“चल,” त्या म्हणाल्या.

मांडवातले दोनशे लोक टाळ्या वाजवायला उठले आणि टाळ्या मधेच विस्कटल्या. ज्यांच्या नावाचा लाल चष्मा घालून सगळे आले होते त्या बाईंच्या नाकावर काळा. ऋत्विज मंचावर माईक घेऊन उभे होते. त्यांनी आधी मांडवाच्या कडेला माझ्याकडे बघितलं, मी मंडपाच्या खांबाकडे. पण माणूस सावरणारा. त्यांनी हसून आक्काताईंना खुर्ची दिली.

“आक्काताई, लाल रंगाचं बंधन झुगारायचं बळ तुमच्यात कुठून आलं, ते ऐकायला सगळे जमले आहेत.”

“कसलं बंधन?” आक्काताई म्हणाल्या.

“म्हणजे... यजमान गेल्यावर बाईनं लाल घालू नये, कुंकू लावू नये, बांगड्या—”

“ते व्हय? ते आमच्या गावानं कवाच बंद केलंय. ठराव केलाय गावसभेत. मीच पैला हात वर केल्ता.”

मांडवात कुणीतरी हसलं. ऋत्विज यांच्या हातातला माईक थोडा खाली आला. “पण तुमचं कपाळ तर तेव्हा...”

“चांदी तापवाय बसलं की घाम येतोय, टिकली ऱ्हातीय कुठं? आन् बांगड्या कामात आडव्या येत्यात. कडी मिटवू का बांगडी सावरू?”

“आणि ती राखाडी साडी?”

“डोळं तपासायला का शालू नेसून येनार?”

आता मांडव मोकळेपणानं हसायला लागला. किमया कॅमेऱ्यामागे तोंडावर हात ठेवून उभी होती. ऋत्विज यांचा चेहरा मात्र पडला होता आणि मला त्यांची खरंच कीव आली. “मग,” त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “तेव्हा तुम्ही लाल नको का म्हणालात?”

“मला आवडला न्हाई.”

“एवढंच?”

“एवढंच म्हंजे?” आक्काताई खुर्चीत त्यांच्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, खरंच नवल होतं. “साहेब, तुमी आमच्या गावात आलासा तवा तुमच्या नाकावर काळा हुता. आज लाल हाय. उद्या मन झालं तर निळा घालशीला. तुमच्यावर कुनी पिच्चर काढला का?”

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळेच वाजवायला लागले. पहिल्या ओळीत मालनही वाजवत होती, कारण पुढचं वाक्य आक्काताईंनी तिच्याकडे बघून म्हटलं होतं. “लाल मालनला शोभतोय. मला न्हाई शोभत.” मालननं चष्मा नीट सावरून चारी बाजूंना बघितलं.

मंचावरून उतरताना मी त्यांचा हात धरला. खरं काय ते त्यांनी तेव्हा सांगितलं, माझ्या कानाशी, मालनला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

“तिच्यासारखं दिसायला का एवढी वर्सं येगळी चूल मांडली मी?”

माझी नोकरी गेली नाही. उलट पंधरा दिवसांत ऋत्विज यांनी मला बोलावून घेऊन अभिनंदन केलं. त्या दिवसाची फिल्म आधीच्या फिल्मपेक्षाही गाजली होती आणि काळ्या फ्रेमला एकदम मागणी आली होती. तिचं नाव आता ‘आक्काची आवड’. खोक्यातल्या काळ्या फ्रेमा पुसून पुन्हा दुकानाच्या काचेत लागल्या आणि खोक्यात लाल भरल्या गेल्या, कारण लाल आता कुणी घेईना.

शिबिराला निघायच्या आदल्या दिवशी मी आक्काताईंना फोन करून हे सांगितलं. मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

“मग उद्या त्या बायकांस्नी लालच?”

“हो. खोकं लालचं आहे.”

फोनवर घुंगरं वाजत होती. त्यांचं काम चालू होतं.

“त्यास्नी आवडतोय का, ते इचार तरी,” त्या म्हणाल्या. “दुसरा नसंना का द्यायला. पर इचार.”